पोवळ्यास अन्न कोण देतें?

सराफाच्या पेढीवर नवरत्नांच्या पंक्तींत बसविलेलें लाल पोवळें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. हिरा, माणिक, पाचू हे खनिज असल्यामुळें पोवळेंही एक दगडच असावें असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तें समुद्रांत राहणाऱ्या एका क्षुद्र प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा होय. ह्या प्राण्याचीं दुसरीं भावंडें उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत इतक्या संख्येनें वाढतात कीं, सांगाड्यावर सांगाडा रचला जाऊन त्यांचे खडक बनतात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतची ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ ही अशा खडकांची रांग सुमारें २,३०० किलोमीटर लांब आहे. एवढें बांधकाम करणाऱ्या ह्या इवल्याशा गवंड्याचें पोट कशावर भरतें? ह्या साध्या प्रश्नानें एका शास्त्रज्ञास जन्मभर कसें सोडलें नाहीं, हें सांगण्याचा आमचा येथें उद्देश आहे.

त्यांचें नांव चार्ल्स मॉरिस यंग. त्यांचा जन्म १८९९ सालीं इंग्लंडांत झाला. वडील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. एडिंबरो विद्यापीठांत शिक्षण झाल्यावर प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेंत त्यांनीं कालवांचा अभ्यास केला. कालव अन्न कसें घेतें व कसें पचवितें, हा त्यांचा विषय होता. पुढें पोवळ्यांकडे पाहतांनाही त्यांनीं तोच प्रश्न विचारला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१९२८ सालीं ग्रेट बॅरिअर रीफच्या अभ्यासासाठीं इंग्लंडांतून एक मंडळी निघाली. तिचें नेतृत्व यंग ह्यांच्याकडे आलें, तेव्हां त्यांचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. पोर्ट डग्लस गांवासमोरील समुद्रांत ‘लो आइल्स’ नांवाचीं दोन लहान बेटें आहेत; एकावर वाळू व दीपगृह, दुसऱ्यावर खारफुटीची दाट झाडी. त्यांतील वाळूच्या बेटावर ह्या मंडळीनें सुमारें एक वर्ष मुक्काम ठोकला. कोणी समुद्रांतील सूक्ष्म जीवांची वर्षभर नियमानें गणना केली, कोणी पाण्याचें रासायनिक पृथक्करण केलें, कोणी बेटांचे नकाशे काढले. मंडळींत स्त्रियाही होत्या. यंग ह्यांच्या पत्नी मॅटी ह्या तेथील डॉक्टर होत्या, आणि शीना मार्शल, सिडनी मँटन ह्या विदुषींनीं पुरुषांच्या बरोबरीनें संशोधन केलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पोवळ्याचा प्रत्येक प्राणी म्हणजे एक चिमुकली पिशवी. तिला एकच तोंड, आणि तोंडाभोंवतीं बोटांसारखे मऊ शुंड. परंतु ह्या पारदर्शक शरीराच्या आंत, सूक्ष्मदर्शकानेंच दिसणारें एक तपकिरी शैवाल असंख्य कणांच्या रूपानें राहतें. पोवळ्याचा रंग बहुतांशीं त्याचाच. तेव्हां हें शैवाल पाहुणा कीं भाडेकरू? कीं यजमानाच्या चुलीवर शिजणारें अन्न?

यंग ह्यांनीं पोवळ्यांना निरनिराळें खाद्य देऊन पाहिलें. शुंडांवरील दंशपेशींनीं तीं लहान जलचरांस पकडतात. प्राणिज अन्न तीं झटपट गिळतात व पचवितात, वनस्पतिज अन्न मात्र पचवीत नाहींत. नंतर त्यांनीं कांहीं पोवळीं उजेड शिरूं न शकणाऱ्या पेट्यांत ठेविलीं. अंधारांत शैवाल नाहींसें झालें. तथापि अन्न मिळत राहिलेलीं पोवळीं जिवंत राहिलीं. उलट उजेडांत ठेवून उपाशी मारलेलीं पोवळीं खंगलीं. शैवाल पचविलें जात असल्याची खूणही त्यांना कोठें आढळली नाहीं. ह्यावरून त्यांनीं निष्कर्ष काढला कीं, पोवळें पूर्ण मांसाहारी आहे. शैवाल त्यास जेवूं घालीत नाहीं, तर शरीरांतील टाकाऊ द्रव्यें उचलून तें केवळ घर झाडून देतें.

हा निष्कर्ष अर्धा खरा ठरला. शैवाल पचविलें जात नाहीं, हें बरोबर. परंतु जिवंत शैवालांतून विरघळलेलें अन्न पाझरत असेल, तर तें सूक्ष्मदर्शकास दिसणार कसें? दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा माग काढण्याची युक्ति संशोधकांच्या हातीं आली. १९५८ सालीं मस्काटिन व हँड ह्यांनीं पोवळ्याच्या नात्यांतील समुद्रपुष्पावर प्रयोग करून, शैवालानें तयार केलेलें द्रव्य यजमानाच्या शरीरांत जातें हें दाखविलें. जमेकांत थॉमस गोरो ह्यांनीं सिद्ध केलें कीं, पोवळें उजेडांत आपला सांगाडा अधिक वेगानें बांधतें. यंग ह्यांनीं ह्या नव्या पिढीकडे पाठ फिरविली नाहीं. १९७१ सालीं ह्याच प्रश्नावरील एका निबंधावर गोरो पतिपत्नींच्या शेजारीं त्यांचें नांव छापलें गेलें. तेव्हां ते ७१ वर्षांचे होते. आज शास्त्रज्ञ असें मानतात कीं, सूर्यप्रकाशांतून बनविलेली साखर शैवाल पुरवितें आणि नायट्रोजन, फॉस्फरस इत्यादि द्रव्यें पोवळें शिकारींतून मिळवितें. संसार दोघांच्या कमाईवर चालतो.

ह्या संसाराची फारकत कशानें होते, हेंही त्याच बेटावर दिसलें होतें. १९२९ च्या आरंभीं, म्हणजे तेथील उन्हाळ्यांत, ओहोटीचें पाणी अतिशय तापलें तेव्हां पोवळ्यांनीं शैवाल बाहेर टाकलें व तीं फिकीं पडलीं. यंग व निकल्स ह्यांनीं प्रयोगांनीं त्याचा पडताळा घेऊन १९३१ सालीं तो प्रसिद्ध केला. त्या वेळीं ही एक किरकोळ नोंद वाटली असेल. आज समुद्र तापत चालला आहे. नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली, तरी पोवळीं पांढरीं पडूं लागतात आणि ती लवकर न ओसरल्यास उपासमारीनें मरतात. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ ह्या वर्षीं ही आपत्ति मोठ्या प्रमाणावर आली.

यंग १९८६ सालीं वारले. पुढें संशोधकांनीं लो आइल्सवर जाऊन जुन्या नोंदींशीं नव्या स्थितीची तुलना केली व ती २०१९ सालीं प्रसिद्ध केली. जीवांच्या जाति घटल्या होत्या. मऊ पोवळ्यांची संख्या पुष्कळ वाढली होती. नव्वद वर्षांपूर्वींचे नकाशे व याद्या नसत्या, तर काय गमावलें हें सांगतांही आलें नसतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मालवणच्या समुद्रांतही पोवळीं आहेत, आणि त्या भागास १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. तीं तोडून घरीं आणूं नयेत, हें सांगणें न लगे. पण आणखी एक गोष्ट तुम्हांस करतां येईल. निसर्गांत जें पाहाल तें तारखेसह वहींत लिहा, आणि जें अनुमान कराल तें वेगळ्या ओळींत लिहा. यंग ह्यांचें अनुमान दुरुस्त करावें लागलें. त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें मात्र अजून उपयोगी पडत आहे. पालकांनीं अशा वहीसाठीं मुलांस थोडा वेळ व थोडी मोकळीक द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.