अपंगांना एड्सची माहिती कोण देणार?



गाळप हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात. आपल्या मंठा-परतूरकडची माणसेही तोडणीला बाहेर पडतात. पहाटेच सगळे फडात जातात. कोपीवर किंवा गावी मागे राहतात म्हातारी माणसे, लहान पोरे आणि घरातले अपंग. म्हणून या वेळी लागण-खोडव्याचे सोडून हा विषय आम्ही घेत आहोत.

उसाची काणी वाऱ्याने पसरते. एच. आय. व्ही. तसा पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त वा सुई आणि बाधित आईकडून बाळाला, हेच त्याचे मार्ग. अपंगत्वामुळे तो जडत नाही. पण अपंग माणसापर्यंत त्याची वाट आपणच मोकळी ठेवतो. बहिऱ्याला सभेतले भाषण ऐकू येत नाही, आंधळ्याला भिंतीवरचा फलक दिसत नाही. "त्यांना काय करायची ही माहिती?" असे घरचेच म्हणतात. हे बरोबर नाही. त्यांचीही लग्ने होतात, संसार होतात. शिवाय एकटी, बोलता न येणारी बाई वाईट माणसाच्या तावडीत लवकर सापडते. दवाखान्यात जायचे तर सोबत कोणी लागते आणि त्याच्यासमोर मनातले सांगता येत नाही.

उलटही घडते. उपचाराला उशीर झाला तर या रोगाने नजर जाऊ शकते, हातापायांच्या नसा अधू होतात.

सभासदांनी एवढे करावे:

१. घरातल्या अपंगाला ही माहिती खुणांनी, चित्रांनी किंवा वाचून द्यावी. गरज वाटल्यास आशाताईंना बोलवावे. १०९७ हा फोन मोफत आहे, पण बहिऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासोबत केंद्रावर जावे.

२. अत्याचार झाला तर लपवू नये. ताबडतोब, फार तर ७२ तासांच्या आत, सरकारी रुग्णालय गाठावे. लागण टाळणारे औषध २८ दिवस घ्यावे लागते. पोलिसांनाही कळवावे. अपंग स्त्रीवरील अत्याचाराला २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात शिक्षा आहे.

३. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे मोफत मिळतात. २०१७ च्या एच. आय. व्ही. कायद्याने संमतीविना तपासणी करण्यास आणि रुग्णाचे नाव फोडण्यास मनाई आहे.

४. मुकादमांनी अपंग माणसाला कोपीवर एकटे ठेवू देऊ नये; एक भरवशाचे माणूस मागे ठेवावे. त्या दिवशी एक कोयता कमी पडला तरी चालेल.