बंडखोराचे नाव, जिल्ह्याची पाटी

प्राणहिता नदीच्या या तीरावर आपला गडचिरोली जिल्हा, पलीकडे तेलंगणातले बेज्जूर. हा भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. 2016 साली जिल्ह्यांची फेररचना झाली आणि बेज्जूर ज्या नव्या जिल्ह्यात गेले त्याचे नाव ठेवले गेले कुमुरम भीम आसिफाबाद. ज्या माणसाला 1940 साली सरकारने बंडखोर म्हणून गोळ्या घातल्या, त्याचेच नाव आज सरकारी शिक्क्यावर आहे. ‘आरआरआर’ या चित्रपटामुळे 2022 नंतर हे नाव आपल्या मुलांनाही माहीत झाले. पण पडद्यावर जे नाही, तेच खरे ऐकण्यासारखे आहे.

कोमराम भीम हा गोंड. गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याने राखीव जंगलात ओढली आणि शेती करणारेच गुन्हेगार ठरले. वनरक्षकांच्या जाचाला कंटाळून भीमने शस्त्र उचलले आणि जोडेघाटच्या डोंगरात तो साथीदारांसह मारला गेला. सरकारच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटायला हवे होते.

तसे झाले नाही. हे लोक उठले तरी का, असा प्रश्न निजाम सरकारला पडला, आणि तो शोधायला त्यांनी नेमला एक ‘शत्रू’! ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. ऑस्ट्रिया जर्मनीत सामील झाल्याने त्यांच्याकडे जर्मन पारपत्र होते. 1939 साली महायुद्ध पेटले तेव्हा ते भारतात होते. इंग्रजांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक, म्हणून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहण्याचे बंधन त्यांच्यावर आले. पत्नी बेटी यांच्यासह ते गोंडांच्या पाड्यांवर जाऊन राहिले, गोंडी शिकले आणि सरकारला स्पष्ट सांगितले की दुखणे जमिनीचे आहे. पटवारी, सावकार आणि वनरक्षक यांच्या कागदांत जे कधी आले नव्हते, ते मेलेल्या बंडखोराच्या तक्रारीत आधीपासून होते.

मग हजारो एकरांचे पट्टे गोंडांच्या नावे झाले. 1943 साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. तिची एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. शिकलेले म्हणावेत असे जे मोजके गोंड होते, त्यांना मराठी वाचता येत होते. त्यामुळे गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीत झाली. राज्य उर्दूचे, शेजार तेलुगूचा आणि अक्षरे आपली! घरात दोन भाषा नांदवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये, पण सीमेच्या सभांत असली उदाहरणे कोणी सांगत नाही.

निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी याच आदिलाबादेत सरकारी अधिकारी होते. (निलंगा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते.) त्यांनीही गोंडी आत्मसात केली आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. पुढे याच पगडींनी मोगल इतिहासकारांचे फारसी ग्रंथ मराठीत आणले. त्यांतला खाफीखान शिवाजी महाराजांना शिव्या घालतो, आणि महाराजांनी मशिदी, कुराण व स्त्रिया यांचा मान राखण्याची सक्त ताकीद दिली होती, हेही तोच लिहितो. ही साक्ष एखाद्या भाटाने दिली असती तर तिला कोणी विचारले असते का? अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून गोंडांचे ऐकणारा माणूस पुढे खाफीखानाकडेही कान देतो, यात मला एकच स्वभाव दिसतो.

गोंडांचे दैव मात्र पालटले नाही. हायमेनडॉर्फ 1970च्या दशकात परत आले, तेव्हा पट्ट्यांच्या कितीतरी जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हातात गेल्या होत्या. त्यांत आपल्या महाराष्ट्रातून गेलेले लोकही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. 20 एप्रिल 1981 रोजी इंदरवेल्लीत जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. तेव्हा निजाम नव्हता, सरकार लोकांनी निवडलेले होते.

बेटी यांचे 1987 साली निधन झाले. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. हायमेनडॉर्फ 1995 साली गेले. इंग्रजांनी ‘शत्रू’ ठरवलेल्या या पाहुण्याला आणि त्याच्या पत्नीला तिथले गोंड अजूनही आपली माणसे मानतात.