सीओपीडीचा पंप: दम लागला की घ्यायचा, की रोज?

माझी खाला बार्शीकडच्या एका खेड्यात राहते. वय सत्तरीच्या आसपास. आयुष्यात तिने कधी बिडीला हात लावला नाही. पण चाळीसेक वर्षं ती चुलीपुढे बसली. तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओलं सरपण, आणि फुंकणीने फुंकून फुंकून पेटवलेला जाळ. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला सीओपीडी असल्याचं सांगितलं, तेव्हा घरात सगळ्यांचा एकच सवाल होता: ही तर सिगारेट पिणाऱ्यांची बिमारी, हिला कशी झाली? फुप्फुसाला धूर बिडीचा की चुलीचा, हा फरक कळत नाही, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले. एक रोज सकाळी घ्यायचा कॅप्सूलवाला, दुसरा दम लागला तर घ्यायचा फवाऱ्याचा. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा सहज डबी हातात घेतली. तीस कॅप्सूलची डबी, म्हणजे महिन्याची. तिला ती तीन महिने पुरली होती! विचारलं तर म्हणाली, "अच्छा लगरा तो कायकू लेना, बेटा?" मी हसलो आणि विषय सोडून दिला. माझी चूक तिथे झाली. पुढे रमजान आला, रोजा तुटेल म्हणून तिने पंप पूर्णच बंद केला, कुणाला विचारलंही नाही. ईद झाली आणि पंधरा दिवसांत तिला दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. ती घरी आली, अल्हमदुलिल्लाह. पण आधी ती विहिरीपर्यंत चालत जायची, आता अंगणापर्यंत जाते. तो झटका ओसरला तरी त्यात गेलेली ताकद पूर्ण परत आली नाही. या आजारात असं बऱ्याचदा होतं.

मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण त्यानंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, वाचलं, आणि जे समजलं ते इथे लिहितोय, कारण असे पंप आपल्या अनेक घरांत फळीवर पडून आहेत.

आधी आजार समजून घेऊ. आपल्याला वाटतं, या रुग्णाला श्वास आत घेता येत नाही. खरी अडचण बाहेर सोडण्याची असते. धुराने श्वासनळ्यांना आतून सूज येते, कफ साठतो. त्यापुढच्या बारीक फुग्यांच्या भिंती झिजतात, त्यामुळे नळ्यांना आधार राहत नाही आणि श्वास सोडताना त्या मिटतात. हवा आत अडकते. तुमची तब्येत ठीक असेल तर एक प्रयोग करून बघा. छाती भरून श्वास घ्या, अर्धाच सोडा. त्यावर पुन्हा घ्या, पुन्हा अर्धाच सोडा. चार-पाच वेळातच जीव घाबरा होतो. खालाला जिना चढताना तेच होतं. भरलेल्या पोत्यात आणखी धान्य कुठून मावणार?

रोजच्या पंपाचं काम इथे येतं. टायोट्रोपियम हे असंच एक औषध, एकदा घेतलं की सुमारे २४ तास टिकतं. श्वासनळीभोवती बारीक स्नायू असतात, ते आवळू नयेत याची ते काळजी घेतं. नळी थोडी उघडी राहते, अडकलेली हवा निघायला वाट मिळते. फॉर्मोटेरॉलसारखी औषधं साधारण १२ तास टिकतात, म्हणून ती दिवसातून दोनदा असतात. गरजेच्या पंपात बहुतेक वेळा सालब्युटामॉल असतं. ते काही मिनिटांत आराम देतं, पण चार-सहा तासांत त्याचा असर उतरतो.

गोंधळ होतो तो यामुळेच. गरजेच्या पंपाचा फरक लगेच जाणवतो, म्हणून माणसाला तोच "खरा" वाटतो. रोजचा पंप घेतल्यावर पाच मिनिटांत काही कळत नाही, म्हणून तो फुकटचा वाटतो. छप्पर मे महिन्यात शाकारतात, तेव्हा कुठे गळत असतं? ज्या दिवशी बरं वाटतं तो दिवस बहुतेक वेळा त्याच औषधाने दिलेला असतो.

त्याने काय होतं आणि काय होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. टायोट्रोपियमवर एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सहा हजार रुग्ण, चार वर्षं. औषध घेणाऱ्यांना दम वाढून बिघडण्याचे झटके कमी आले, रोजचं जगणं सुधारलं. पण फुप्फुसाची ताकद दरवर्षी कमी होत जाण्याचा वेग त्याने फारसा बदलला नाही. झिजलेलं फुप्फुस पंपाने नवं होत नाही. हा वेग कमी करायचा तर धूर बंद करावा लागतो. बिडी सोडणं तर आलंच. पण आपल्या घरांत दुसरा धूरही असतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस गावोगाव गेला, तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवर होतं. जुमेरातला लोबान जाळतात, संध्याकाळी मच्छरांची अगरबत्ती. खालाच्या खोलीत आता लोबान जाळत नाहीत. त्यावरून घरात थोडी कुरकुर झाली, होऊ द्या.

"पंपाची सवय लागते, औषध कडक असतं, ते शेवटचं." हे मी शिकलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकलंय. थोडं गणित करू. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. दोन फवारे घेतले तरी गोळीचा विसावा हिस्सा. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथे सरळ पोचतं, म्हणून थोडंच पुरतं. आणि सवयीचं म्हणाल तर बीपीची गोळी रोज घेतो, तिला आपण व्यसन म्हणत नाही.

आता घ्यायची पद्धत. सगळ्यात जास्त औषध इथेच वाया जातं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी पंपाच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकल्या होत्या, आठवडाभर! हसू नका, कॅप्सूल दिसली की माणूस गिळणारच. कुणीतरी समोर बसून दाखवावं लागतं.

कॅप्सूलवाल्या पंपात कॅप्सूल यंत्रात टाकून फोडायची. मग आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोही पंपापासून तोंड बाजूला करून, नाहीतर आतली पूड ओली होते. ओठ घट्ट मिटायचे आणि जोरात, खोल ओढायचं. शक्य तेवढा, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा. नंतर उघडून बघायचं, पूड उरली असेल तर पुन्हा ओढायची. फवाऱ्याच्या पंपाचं उलटं आहे. तो आधी हलवायचा, श्वास सोडायचा, आणि मग हळू आत घेता घेता बटण दाबायचं. फवारा जोरात ओढला तर औषध घशावर आदळून तिथेच राहतं. पूड जोरात, फवारा हळू. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांची नेमकी इथेच गल्लत होते. दाबणं आणि ओढणं जमत नसेल, आणि वयस्कर माणसांना बहुधा जमत नाहीच, तर स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळकांडी मिळते. फवारा तिच्यात सोडायचा, मग आरामात श्वास घ्यायचा. ती साबणाच्या पाण्यात धुवून तशीच वाळू द्यायची, फडक्याने पुसायची नाही. पुसल्याने आत वीजभार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटतं.

काही पंपांत स्टेरॉइडही असतं, बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. त्यानंतर गुळण्या करून पाणी थुंकायलाच हवं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. यावर आपल्याकडे एक सोपा इलाज आहे. पंप वजूच्या आधी घ्यायचा. वजूत कुल्ली करायचीच असते, तीच थोडी नीट, घशापर्यंत करायची. फजरला एक, आणि दोनदाचं औषध असेल तर मगरिबला दुसरा. वेळही चुकत नाही. नमाज चुकवत नाही तो माणूस पंपही चुकवणार नाही, असं मला वाटतं.

राहिला रोज्याचा प्रश्न. मी मुफ्ती नाही. आपल्याकडचे बहुतेक हनफी उलमा पंपाने रोजा तुटतो असं सांगतात. शेख इब्न बाज यांच्यासारख्या अरब उलमांनी दम्याच्या फवाऱ्याने तुटत नाही असं म्हटलंय. पुडीच्या कॅप्सूलचा सवाल वेगळा, तो आपल्या आलिमांना वेगळाच विचारावा. पण रोजच्या औषधापुरता हा वाद बहुतेकदा उद्भवतच नाही. दिवसातून एकदाचं असेल तर सहरीला किंवा इफ्तारला बसतं, दोनदाचं असेल तर दोन्ही वेळांना. रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून वेळा बदलून घ्या. रोजे झेपतील का, हेही तेव्हाच विचारा. आणि दिवसा दम लागलाच तर गरजेचा पंप ताबडतोब घ्यायचा. रोजा गेला तर त्याची कजा आहे. आजाऱ्याला सवलत आहे, आणि जो पुढेही ठेवू शकणार नाही त्याच्यासाठी फिदया आहे. खालाला हे सगळं ठाऊक होतं, पण स्वतःला आजारी म्हणवून घेणं तिला जड जात होतं.

काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात: काचबिंदू आहे का, प्रोस्टेटमुळे लघवी अडते का. टायोट्रोपियमने तोंड कोरडं पडतं, आणि या दोन तक्रारी वाढू शकतात. पूड डोळ्यात जाऊ देऊ नये. खर्चाचं म्हणाल तर डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारा, जनऔषधी केंद्रात चौकशी करा, पण एक दिवसाआड घेऊन डबी लांबवू नका. कफ वाढला, हिरवा-पिवळा झाला, गरजेचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ओठ निळे पडले, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, माणूस गुंगीत जात असेल, तर १०८ ला फोन करा.

पंपाच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. एकावर "रोज" आणि दुसऱ्यावर "दम लागला तर" असं लिहून चिकटवा, घरातल्यांना वाचता येईल त्या लिपीत. खालाच्या नातवाने तिच्या डबीवर उर्दूत "फजर" लिहिलंय. परवा १९ तारखेला मी फोनवर विचारलं, डबीत किती कॅप्सूल उरल्या? डबी एक तारखेला उघडलेली. तिने मोजल्या, मला पलीकडून ऐकू येत होतं. अकरा, म्हणाली.