नाताळची क्षमा आणि हॉर्नर प्लंबर



विनोदी गुप्तहेरकथा हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभतो काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती साहजिक आहे. परंतु जी गोष्ट लोक घराघरांत बसून हसतखेळत पाहतात, तिच्यात न्याय-अन्यायाचा हिशेब कसा मांडलेला असतो, हे तपासणे मला तरी अगत्याचे वाटते. गंभीर ग्रंथ वाचताना माणूस सावध असतो. हसताना तो तितका सावध नसतो.

इंग्लंड-अमेरिकेतल्या टेलिव्हिजन मालिकांची एक रूढी आहे. डिसेंबर आला की मालिकेचा एक भाग नाताळचा करावयाचा. अमेरिकेतली ‘मंक’ ही विनोदी गुप्तहेर मालिका २००२ ते २००९ पर्यंत चालली. तिचा नायक जंतूंना, उंचीला, गर्दीला, फार काय दुधालाही भितो, आणि तरी खुनी माणूस बरोबर हुडकतो. २००५ पासून २००८ पर्यंत दर साली तिचा एक भाग नाताळचा झाला. अशा भागांचा साचा बहुधा ठरलेला असतो : दिव्यांची आरास, भेटवस्तू, एक गुन्हा, बरीचशी थट्टा, आणि सणाच्या नावाने कोणावर तरी दया. हा साचा टेलिव्हिजनने घडवलेला नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी तो १८९२ च्या जानेवारीत ‘स्ट्रँड’ मासिकातच वाचकांच्या हाती दिला होता. कथेचे नाव ‘द ब्लू कार्बंकल’, म्हणजे निळे रत्न. (कार्बंकल हे खरे पाहता तांबड्या रत्नाचे नाव. निळा कार्बंकल म्हणजे निळे माणिक म्हणण्यासारखेच झाले.)

लंडनच्या एका मोठ्या हॉटेलात उतरलेल्या सरदारपत्नीचे हे रत्न २२ डिसेंबरला चोरीस जाते. इकडे नाताळच्या पहाटे रस्त्यावरच्या झटापटीत एका गृहस्थाची टोपी आणि एक मारलेला हंस मागे राहतो. हंस म्हणजे आपल्या सरस्वतीचे वाहन नव्हे. बदकाच्याच कुळातला, पण थोराड असा पाळीव पक्षी. नाताळच्या जेवणात तिकडे त्याचा मान मोठा. तो शिजवण्यासाठी चिरला, तो पोटातून रत्न बाहेर पडले! मग शेरलॉक होम्स त्या हंसाचा माग काढीत थंडीत लंडनभर फिरतो. नुसती टोपी पाहून तो सांगतो की, हा माणूस बुद्धिमान आहे, पूर्वी सुस्थितीत होता, आता खालावला आहे. टोपीवरची धूळ कोणी झटकलेली नाही, त्या अर्थी बायकोचे प्रेमही आटले आहे. ही सारी गंमत डॉइल यांनी फार झकास साधली आहे.

मला स्वतःला त्या गंमतीइतकाच रस हंसाच्या हिशेबात वाटतो. ब्रिटिश म्युझियमजवळच्या अल्फा नावाच्या दारूच्या दुकानात मालकाने एक मंडळ काढलेले असते. दर आठवड्याला थोडे पेन्स भरायचे आणि नाताळला एक हंस घ्यायचा. आपल्याकडच्या भिशीशी नाते सांगणारीच ही गोष्ट. आता भाव पाहा. ब्रिक्स्टन रस्त्यावरची बाई चोवीस हंस साडेसात शिलिंग नगाप्रमाणे व्यापाऱ्याला विकते; व्यापारी तेच दुकानदाराला बारा शिलिंगांना देतो. म्हणजे एका पक्ष्यामागे साडेचार शिलिंग, आणि चोवीस पक्ष्यांवर पाच पौंड आठ शिलिंग मधल्या माणसाच्या खिशात. पक्षी वाढवले बाईने, पेन्स साठवले गिऱ्हाइकांनी. डॉइल यांनी हे आकडे केवळ माग लागावा म्हणून दिले आहेत. पण गोष्ट लिहिणाऱ्याच्या नकळत बाजार कसा बोलून जातो पाहा!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रत्नाच्या चोरीबद्दल कोण पकडला गेला? जॉन हॉर्नर, वय २६, धंदा प्लंबर. बाईसाहेबांच्या खोलीतल्या शेकोटीच्या जाळीचा एक गज सुटला होता, त्याला डाख लावायला त्याला वर नेले होते. पूर्वी एकदा चोरीची शिक्षा झालेली. तेवढा पुरावा पुरेसा झाला. ज्याने त्याला वर नेले तो हॉटेलचा नोकर रायडर हाच खरा चोर. बाईसाहेबांच्या दासीशी संगनमत करून त्याने दुरुस्तीचे काम मुद्दाम काढले आणि आळ घालायला हॉर्नरला बोलावले. कामगार चळवळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे नवे वाटणार नाही. कारखान्यात वस्तू नाहीशी झाली की पहिली झडती दुरुस्तीला बाहेरून आलेल्या माणसाचीच होते.

हॉर्नरपुढे काय वाढून ठेवले होते? होम्स स्वतःच सांगतो की, निर्दोषपणा सिद्ध झाला नाही तर ह्या माणसाला सात वर्षे सक्तमजुरी ठरलेली. त्या काळी इंग्लंडात आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची सरसकट मुभा नव्हती. ती १८९८ च्या कायद्याने मिळाली. गरीब आरोपीला सार्वजनिक खर्चाने वकील देण्याचा कायदा १९०३ चा, आणि फौजदारी अपिलाचे न्यायालय १९०७ च्या कायद्याने आले. पुढे उभा असलेला रायडर शपथेवर बोलणार आणि हॉर्नर तोंड मिटून ऐकणार! सुनावणीच्या अखेरीस तो शुद्ध हरपून पडतो, ह्यात अतिशयोक्ती काहीच नाही.

शेवटी रायडर सापडतो, रडतो, पाय धरतो. होम्स दार उघडून त्याला हाकलून देतो. हा क्षमेचा मोसम आहे, तुरुंगात घातला तर हा जन्माचा गुन्हेगार होईल, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नाही. तुरुंगाने किती माणसे सुधारली हे आपण जाणतोच. आणि हॉर्नर? त्याच्याविषयी होम्स एवढेच म्हणतो की, रायडर साक्षीला उभा राहणार नाही, म्हणजे खटला आपोआप ढासळेल. मग तो जेवायला वळतो. अहो, पण खटला ढासळेपर्यंत तो माणूस राहणार कोठे? नाताळ तर त्याचा कोठडीत गेलाच. दया दाखवली होम्सने, पण तिची किंमत मोजली ती हॉर्नरच्या दिवसांनी, आणि त्याला कोणी विचारलेही नाही. रायडरला सोडा, माझी हरकत नाही; परंतु सोडण्यापूर्वी त्याच्याकडून चार ओळींचा जबाब लिहून घ्यायला किती वेळ लागला असता?

ही खोच माझ्याच डोक्यातून निघाली असे मात्र नाही. मँचेस्टरच्या ग्रॅनडा कंपनीने १९८४ साली होम्सच्या कथांची मालिका काढली, तिच्यात जेरेमी ब्रेट होम्स झाले आणि डेव्हिड बर्क वॉटसन. मालिका एरवी मूळ कथांशी पुष्कळ इमानी. पण ह्या भागात त्यांनी शेवट पुढे वाढवला. रायडरची भूमिका केन कॅम्बेल ह्या विनोदी नटाने केली आहे आणि त्याची घाबरगुंडी पाहून हसू आवरत नाही. तो पळून जातो, होम्स आणि वॉटसन जेवायच्या बेतात असतात, आणि वॉटसन आठवण देतो : हॉर्नर अजून कोठडीत आहे. तेव्हा जेवण तसेच टाकून दोघे बाहेर पडतात. अखेरच्या दृश्यात हॉर्नर सुटून आपल्या बायकामुलांना भेटतो. डॉइल यांच्या कथेत ही बायकामुले आपल्याला भेटतच नाहीत.

नाताळचा हा भाग इंग्लंडात प्रथम दाखवला गेला तो ५ जूनला, ऐन उन्हाळ्यात. पाहणाऱ्यांना त्याचे काही वाटले नसावे. आता उरली ती बाईसाहेबांची दासी, कॅथरीन क्युसॅक. कट दोघांचा; पण रायडरला निदान रडायला आणि माफी मागायला होम्सची खोली मिळाली. तिचे नाव कथेत दोनतीनदा येते, आणि पुढे तिचे काय झाले ह्याची चौकशी होम्स करीत नाही, वॉटसन करीत नाही, डॉइलही करीत नाहीत.