पिस्तूल खोलायचं, पण कुठपर्यंत?

चेन्नईजवळचं आवडी म्हटलं की रणगाडे. इथल्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतून १९६५ मध्ये पहिला 'विजयंता' रणगाडा बाहेर पडला. पण याच गावात सीआरपीएफचं ग्रुप सेंटरही आहे, त्यामुळे आज जरा लहान हत्यार घेऊ: आपल्या सुरक्षा दलांचं ९ मिमी पिस्तूल '१ए'. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं हे पिस्तूल मुळात ब्राउनिंगचं १९३५ चं 'हाय पॉवर'. मॅगझिनमध्ये १३ काडतुसं.

रोजच्या सफाईला ते सगळं सुटं करायचंच नसतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. हा क्रम चुकला की घात! पुढे स्लाइड स्टॉप, स्लाइड, नळी आणि रिकॉइल स्प्रिंग, एवढेच भाग वेगळे होतात. नळीत ब्रश चेंबरच्या बाजूने घालायचा, म्हणजे तोंडाकडची कड झिजत नाही.

घोडा, त्याला अडवून धरणारा सिअर, चापाचे बारीक भाग मात्र आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं काम. तिथे एखादा भाग चुकीचा बसला, तर गोळी आपोआप सुटू शकते.

आणि तेल? आपल्याकडे सढळ हाताने ओततात. चेन्नईच्या दमट हवेत गंज चढतो हे खरं, पण जास्त तेलाला धूळ चिकटते. पातळ थर पुरतो.

नेमबाजीच्या क्लबात असाल, तर पूर्ण खोलण्याआधी आर्मररला विचारा. व्हिडिओ बघून नको.