भीमगीतांच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेताना : सॅम्पल रेट आणि बिट किती ठेवावेत?

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवी-गायकांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून गावोगावी नेला. नामवंतांच्या काही गाण्यांच्या रेकॉर्ड आणि कॅसेट बाजारात आल्या. पण आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीचा कार्यक्रम, जयंतीच्या रात्री रंगलेला कव्वालीचा सामना किंवा विहारातले भन्तेजींचे प्रवचन कुणीतरी हौसेने टेप केलेले असते. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. १९८०-९० च्या दशकांतल्या या कॅसेट आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. फीत चिकटते, तुटते, तिला बुरशी लागते. त्यामुळे एखादी कॅसेट पुन्हा वाजेलच याची खात्री नसते. ती वाजते तेव्हाच नीट उतरवून घेतली पाहिजे.

टेपरेकॉर्डरमधून येणारा आवाज म्हणजे सतत कमी-जास्त होणारा विद्युतप्रवाह. संगणकाला फक्त आकडे कळतात. या प्रवाहाचे आकडे करणारे यंत्र म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. ते यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये असते, तसेच संगणकाच्या साउंड कार्डमध्येही असते. त्यावर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात.

दवाखान्यात रुग्णाचा ताप मोजून तक्त्यावर लिहितात, तसेच हे काम आहे. ताप किती वेळाने मोजायचा, हा झाला सॅम्पल रेट. थर्मामीटरवरच्या रेघा किती बारीक, हे झाले रिझोल्यूशन, म्हणजेच बिट.

सॅम्पल रेट

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. जो सर्वांत उंच सूर पकडायचा, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला मोजमाप घ्यावे लागते. म्हणूनच ऑडिओ सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा हे प्रमाण ठरले. व्हिडिओसाठी ४८,००० चालते. साध्या कॅसेटवर बहुधा १२ ते १५ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही नसते. त्यामुळे ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवले आहेत. मोठे संग्रह अनेकदा ९६ किलोहर्ट्झ वापरतात. कॅसेट दुर्मीळ असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर आपणही ९६ घ्यावे. १९२ घेतल्याने कॅसेटमधून जास्तीचे काही मिळत नाही, फक्त फाइल फुगते.

बिट

१६ बिटमध्ये आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, तर २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६. प्रत्येक बिटमागे सुमारे ६ डेसिबल धरले, तर १६ बिटचा आवाका ९६ डेसिबल होतो. कॅसेटचा आवाका जेमतेम ५०-६० डेसिबल असतो. मग २४ बिट कशाला?

कारण रेकॉर्डिंगची पातळी. कव्वालीत गायक अचानक वरची पट्टी धरतो, कोरस उसळतो, ढोलकीची थाप पडते. मीटर शून्याच्या वर गेला की आवाजाचा माथा कापला जातो. तो पुन्हा जोडता येत नाही. २४ बिट असतील तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून निर्धास्त राहता येते, आणि हळू आवाजातले बारकावेही टिकतात. १६ बिटमध्ये घेतलेली फाइल नंतर २४ बिटची केली, तरी हरवलेले परत येत नाही.

सेटिंग कुठे करावे?

तीन ठिकाणी एकच आकडा हवा : कन्व्हर्टर, संगणकाची प्रणाली आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये साउंडच्या रेकॉर्डिंग उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये, तर मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये हा आकडा दिसतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही तोच निवडावा. आकडे वेगळे असतील तर संगणक मधेच गुपचूप रूपांतर करतो. ४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाजवली गेली, तर गाणे संथ होते आणि आवाज खाली उतरतो. आपोआप आवाज वाढवणारी किंवा 'सुधारणारी' सोय बंद ठेवावी. वायर माइकच्या नव्हे, लाइन इनच्या खाचेत लावावी. स्वस्त कन्व्हर्टर घेताना तो खरोखर २४ बिट देतो का, हे विचारून घ्यावे. काही फक्त १६ बिटच देतात.

जागा किती लागेल?

स्टिरिओमध्ये एका तासाला १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ६३५ एमबी लागतात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला सुमारे १ जीबी आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला सुमारे २ जीबी. म्हणजे साठ मिनिटांच्या शंभर कॅसेट ४८ किलोहर्ट्झला साधारण १०० जीबीत बसतात. आजच्या साध्या हार्ड डिस्कवरही एवढी जागा सहज असते.

कॅसेट लावण्यापूर्वी टेपरेकॉर्डरचे हेड साफ करावे. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे कान मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही टेप होणार नाही. मूळ फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवावी आणि तिला हात लावू नये. खरखर काढायची असेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी एमपी३ करायची असेल, तर वेगळी प्रत घ्यावी. मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत असाव्यात. गायक, गाव, वर्ष आणि कोरसमधली नावे फाइलबरोबर लिहून ठेवावीत. ती सांगणारी माणसे आज आहेत, तोवर विचारून घ्यावीत.

प्रत्येक विहार समितीने वस्तीतल्या कॅसेटची यादी करून हे काम सुरू करावे, असे आम्हाला वाटते. एक चालू टेपरेकॉर्डर, एक कन्व्हर्टर आणि दोन तरुण एवढ्यावर ते होऊ शकते. आपल्या आजोबांच्या पिढीने भाकरी बांधून घेऊन जे कार्यक्रम ऐकले, ते नातवंडांनाही ऐकता आले पाहिजेत.