भिवापूरचा पदवीधर आणि सॉफ्टवेअरमधील पहिली नोकरी

मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरसारख्या तालुक्यातून नागपुरात शिकून अभियंता झालेल्या पदवीधराला आता पुणे किंवा बंगळुरू गाठण्यावाचून गत्यंतर नाही, असे म्हणता येत नाही. कारण नागपूरच्याच मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस व एचसीएल या सॉफ्टवेअर कंपन्या, तर तेथील आयटी पार्कमध्ये 1990 साली पुण्यात स्थापन झालेली पर्सिस्टंट कार्यरत आहे.

निवड करताना शहरापेक्षा कंपनीचा प्रकार अधिक निर्णायक ठरतो. सेवा कंपनी, म्हणजे इतर उद्योगांच्या मागणीनुसार संगणक प्रणाली बांधून देणारी व सांभाळणारी संस्था, नवख्यांची मोठ्या संख्येने भरती करते आणि त्यांना प्रशिक्षणही देते. मात्र तेथे काम मिळेपर्यंत 'बेंच'वर, म्हणजे प्रकल्पाविना पगारावर, थांबावे लागू शकते, आणि वाट्याला नव्या प्रणालीचे लेखन येईल की जुन्या प्रणालीची देखभाल, हे बहुधा ग्राहकाच्या गरजेवर ठरते. स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत प्रवेश अवघड असला, तरी एकाच प्रणालीचा सखोल अभ्यास घडतो. कंपनी कोणत्याही प्रकारची असो, टेस्टिंगला, म्हणजे प्रणालीतील दोष शोधण्याच्या कामाला, दुय्यम मानण्याची प्रथा सर्वथा चुकीची आहे.

म्हणून पदवीधरांनी नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी कामाचे स्वरूप, बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदत आणि नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करण्याचा बंधनकारक काळ, या तिन्ही बाबी लेखी स्वरूपात अवश्य तपासाव्यात.